झुंबरबाईंची खिरापत

मोताळ्याला जायचं नाही असं मी ठरवून टाकलं होतं, आणि बरीच वर्षं ते पाळलंही. शिक्षण खात्यानं मला शाळांतून आणि वाचनालयांतून फिरवायला सुरुवात केली तेव्हाच मी साहेबांना सांगितलं, मेहकरला पाठवा, वडनेर भोलजीला पाठवा, घाटावर पाठवा, घाटाखाली पाठवा, मोताळा तेवढं सोडा. साहेबांनी कारण विचारलं. मी म्हटलं, त्या रस्त्यानं मला मोटार लागते. मला मोटार कुठल्याच रस्त्यानं लागत नाही. पण खरं कारण सांगायला साहेब माझे कोण लागतात?

मी मुलांसाठी पुस्तकं लिहिते. नाव छापते ते नुसतं 'गीतामावशी'. आपल्या वऱ्हाडातले सण, पोरींचे खेळ, कोणत्या दिवशी कोणतं जेवण आणि ते का, असलं सगळं. नवं राज्य झालं, खेडोपाडी शाळा निघाल्या, आणि कुणाच्या तरी ध्यानात आलं की पोरांना देशोदेशीच्या राजधान्या पाठ आहेत आणि आपल्याच घरातलं काही ठाऊक नाही. मग माझी आठवण झाली. शाळेत गेले की टेबलावर चादर घालतात, हार घालतात, पोरं तास-दीड तास डोळे मोठे करून ऐकतात. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू? आवडत नाही ते त्यानंतरचं. घंटा होते, पोरं आपापल्या घरी पळतात, आणि मी हातात नारळ घेऊन उभी राहते. मुक्काम मुख्याध्यापकांच्या घरी. ताट वाढता वाढता त्यांच्या बायकोनं विचारायचं, "तुमचे मालक काय करतात?" आणि मी म्हणायचं, "आहेत." त्यावर कुणी पुढं विचारत नाही. मी कुंकू लावते. का लावते ते मलाही कुणी विचारू नये.

मालक मोताळ्याला होते. तेराव्या वर्षी मी त्या घरात सून म्हणून गेले. सासरी माझं नाव बदलून सगुणा ठेवलं. चार वर्षांत पाळणा हलला नाही. मग एका भादव्यात सासूबाईंनी लुगडं-चोळी दिली आणि म्हणाल्या, जा, भुलाबाईचा महिना माहेरी काढ, कोजागिरी झाली की न्यायला माणूस धाडतो. मी मेहकरला वाट पाहत बसले. कोजागिरी झाली, दिवाळी झाली, संक्रांत झाली, माणूस काही आला नाही. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, बातमी आली की किसनरावांनी दुसरी केली. भांडण नाही, मारहाण नाही, कागदपत्र नाही. नुसतं न्यायला कुणी आलं नाही. पुढं काकांनी मला बुलढाण्याला शिकायला ठेवलं, मी मास्तरीण झाले, पुस्तकं लिहू लागले, पण ते एक डोक्यातून गेलं नाही. त्या घरात मी चार वर्षं चूल फुंकली. तिथं माझं काही म्हणजे काहीच उरलं नाही का?

त्या वर्षी साहेब बदलले. नव्या साहेबांनी आश्विन महिन्याचा कार्यक्रम आखला, त्यात मोताळा होतं. मी नाही म्हणू शकले असते. नाही म्हटलं नाही. जाऊन बघावं, असं पहिल्यांदाच मनात आलं. कुणी ओळखलं तर काय बोलायचं तेही मी मोटारीत ठरवत गेले. बरीच वाक्यं तयार केली. एकाहून एक तिखट.

शाळेत मुख्याध्यापक रंगराव गुरुजींनी माझं स्वागत केलं. मी भुलाबाईवरच बोलले, दिवसच तिचे होते. भाद्रपदाच्या पुनवेला मातीची भुलाबाई नि भुलोजी पाटावर बसतात, कोजागिरीला उठतात. रोज संध्याकाळी पोरी घरोघर गाणी म्हणत फिरतात, आणि जिच्या घरी जातील तिनं खिरापत करायची. ती झाकून ठेवायची, आणि बाकीच्यांनी डबा हलवून, आवाज ऐकून ओळखायची. ओळखली तर ओळखणारी जिंकली. नाही ओळखली तर सगळ्यांनी "हरलो" म्हणायचं आणि मग खायचं. घाटाखाली कोण काय खिरापत करतं, घाटावर काय करतं, ते सगळं माझ्या पुस्तकात आहे असंही मी थोडं मिरवून सांगितलं.

तर पुढच्या रांगेतली एक पोरगी उठली. दोन वेण्या, लाल रिबीन, नाकाचा शेंडा वर. म्हणाली, "मावशी, तुमच्या पुस्तकात साऱ्या खिरापती नाहीत."

रंगराव गुरुजींनी तिच्याकडं डोळे वटारले. मी म्हटलं, "बोलू द्या तिला. कोणती नाही ग?"

"थे कशी सांगू? माह्या आजीची हाये. आज आमच्याच घरी भुलाबाई हाये. तुमी या आन ओळखा."

वर्गातली सगळी पोरं हसली. मला पोरगी आवडली. मी विचारलं, "तुझं नाव काय? कोणाची तू?"

"वच्छला. खालच्या आळीतल्या किसनरावची."

खालच्या आळीत तेव्हा किसनराव एकच होते. मी पाण्याचा पेला उचलला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. तिच्या नाकाचा शेंडा माझ्या सासूबाईंचा होता, ते आता दिसलं. मी म्हटलं, "येते."

दिवेलागणीला ती मला घ्यायला आली, तिच्याबरोबर तिची मैत्रीण शाहजादी. ही शाहजादी पिंजाऱ्यांची, पण भुलाबाईच्या गाण्यात तिचा आवाज सगळ्यांच्या वर, असं वच्छलानंच सांगितलं. वाटेत वच्छलाची बडबड चालू होती. आजी आखाडात वारली. दरसाल खिरापत आजी करायची आणि आळीतल्या एकाही पोरीला ती कधी पुरती ओळखता आली नाही, खाऊन झाल्यावरसुद्धा. यंदा पहिल्यांदाच वच्छलानं एकटीनं केली.

"आणि कुणी ओळखली तर?" मी विचारलं.

ती चालता चालता थांबली. "ओळखली तर मंग थे आजीची नाही राह्यत न. साऱ्याइले माहीत झाली म्हंजे कोणाचीबी होते." जरा वेळानं म्हणाली, "तुमी लय शिकेल हायेत. तुमचंच भेव हाये मले." आणि हसली. पण तिला खरंच भीती वाटत होती. तिनं शाहजादीचा हात घट्ट धरला होता.

झुंबरबाई गेल्या, हे मला असं रस्त्यात कळलं. माझ्या सासूबाई. मी मोटारीत तयार केलेली निम्मी वाक्यं त्यांच्यासाठी होती. आता ती कुणाला ऐकवायची?

घर तेच होतं. दाराला नवा निळा रंग, ओट्यावर फरशी. ओट्यावर किसनराव बसले होते. पोट सुटलेलं, कानावर केस पांढरे. मी कंदिलाच्या उजेडात त्यांच्या अगदी समोर उभी राहिले, डोक्यावरचा पदरही पुढं ओढला नाही. बघ म्हटलं, नीट बघ. ते उठले आणि त्यांनी माझ्यासाठी खुर्ची पुढं केली.

"बसा मावशी. आमची पोरगी सकाळधरनं तुमचंच नाव घेऊन राह्यली. च्या घेता न?"

मावशी म्हणाले मला. चार वर्षं ज्या माणसाचं ताट वाढलं, त्यानं मला मावशी म्हटलं आणि चहा विचारला. ओळखून न ओळखल्यासारखं केलं असतं तर मला एक वेळ समाधान वाटलं असतं. त्यांना खरंच ओळख पटली नव्हती. सोंग करण्याइतकी अक्कल त्या माणसाला तेव्हाही नव्हती. मी म्हटलं, "नको, चहा मी संध्याकाळी घेत नाही," आणि आत गेले. माझी सगळी तिखट वाक्यं तिथंच संपली.

आत पाटावर भुलाबाई मांडलेली, तिच्यापुढं समई. पोरी दाटीवाटीनं बसल्या होत्या. स्वैपाकघराच्या दारात एक बाई उभी होती, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, हाताला पीठ. ती रुखमाबाई, वच्छलाची आई. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या हनुवटीकडं. तिथं माझं गोंदण आहे, तीन ठिपके, आईनं हौसेनं गोंदवलेले. रुखमाबाईचा पिठाचा हात तसाच राहिला. ती दारातून हलली नाही.

गाणी झाली. शाहजादीचा आवाज होताच तसा. मग वच्छलानं पितळी डबा आणला, तोंडाला फडकं बांधलेलं. पोरी एकेक करून डबा हलवू लागल्या.

"गोड का तिखट?"

"गोड."

"रेवड्या."

"नाही."

"फुटाणे आन गूळ."

"नाही."

शाहजादीनं कानाशी धरून हलवला आणि म्हणाली, "बिया हायेत. गंगाफळाच्या बिया, गुळातल्या."

वच्छलाचं तोंड उतरलं, पण लगेच सावरली. "अर्धी ओळखली. बिया हायेत, गूळबी हाये. पन त्यात आजून एक चीज हाये. तिच्याबगर ओळखली म्हनत नाहीत."

जायफळ झालं, सुंठ झाली, खसखस झाली, इलायची झाली. प्रत्येक नावाला वच्छला मान हलवत होती आणि जरा जरा फुलत होती. शेवटी डबा माझ्याकडं आला.

मला हलवायची गरज पडली नाही. फडक्यातून वास आला.

ओवा होता. गुळाच्या पाकात घोळवलेल्या लाल भोपळ्याच्या बिया आणि त्यात ओवा. जगात गोडात ओवा कुणी घालत नाही. मी घातला होता. तेरा वर्षांची होते, सासरची पहिलीच भुलाबाई. बिया मी सोलल्या, पाक मी केला, आईच्या पद्धतीनं वरून बडीशोप टाकायची होती. घरात दिवा एकच, तो मामंजींच्या ताटाजवळ. अंधारात उतरंडीच्या मडक्यात हात घातला तो ओव्याच्या मडक्यात गेला. सासूबाईंनी चव घेतली आणि मला फाडफाड बोलल्या, हे पोट दुखल्यावरचं औषध आहे का सण आहे, तुझ्या आईनं तुला डोळे दिले नाहीत का. बोलता बोलता त्यांनी आणखी एक घास घेतला. मग आणखी एक. त्या संध्याकाळी आळीतल्या एकाही पोरीला ती ओळखता आली नाही, आणि सासूबाई महिनाभर सगळ्यांना सांगत फिरल्या, आमच्या सुनेची खिरापत कुणाच्या बापाला ओळखू येत नाही. त्या घरात माझं कौतुक झालं ते तेवढंच.

म्हणजे माझं काही उरलं होतं. मी विचारत आले होते, त्याचं उत्तर माझ्या मांडीवर होतं. घरातून मला काढलं आणि माझी चूक जपून ठेवली. दरवर्षी केली, नातीला शिकवली, आणि आजीची म्हणून सांगितली. मला इतका राग आला की कानशिलं तापली. त्याच वेळी कुणीतरी मिठी मारावी असंही वाटत होतं. खोलीभर माणसं होती आणि त्यातलं एकही माझं नव्हतं.

एक शब्द बोलायचा होता. ओवा. तेवढं म्हटलं असतं की पोरींनी टाळ्या वाजवल्या असत्या, वच्छलानं विचारलं असतं, तुमाले कसं ठाव? आणि मी सांगितलं असतं. ओट्यावरच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं असतं. मला ते सांगायचं होतं. इतकी वर्षं मला दुसरं काही सांगायचंच नव्हतं.

वच्छला माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होती. ओठ दातात धरलेला. तिच्या आजीचं तिच्याजवळ काय राहिलं होतं? हा एवढा डबा.

"मावशी, सांगा न," एक पोरगी म्हणाली.

मी डबा खाली ठेवला. "हरले," म्हटलं.

"मोठ्यानं म्हना!"

"हरले ग बाई. हरले."

वच्छलानं उडीच मारली. फडकं सोडलं आणि पहिली मूठ माझ्या हातावर ठेवली. मी खाल्ली. पाक किंचित जास्त कडक झाला होता, बाकी तीच. घास गिळताना मला रडू आलं. मी म्हटलं, ठसका लागला, आणि पाणी प्याले.

पोरी खाण्यात गुंतल्या तशी रुखमाबाईनं मला कुंकू लावायला आतल्या दारात बोलावलं. तिनं करंडा हातात घेतला, पण उघडला नाही.

"तुमी ओळखली होती," ती हळूच म्हणाली.

"हाव."

"मंग बोलल्या काऊन नाही?"

मी खाणाऱ्या पोरींतल्या वच्छलाकडं पाहिलं. ती म्हणाली, "मी नवी होती तवा सासूबाईले म्हनलं होतं, गोडात ओवा काऊन टाकता? तर म्हने, थो सगुणाचा हाये, राहू दे. मले कोणी बाकी काही सांगितलं नाही. हनुवटीवरच्या गोंदणाचं तेवढं सांगितलं. मरायच्या आधी दोन-चार डाव तुमचं नाव घेतलं त्याइनं."

"नाव घेतलं," मी म्हटलं. "माणूस नाही धाडला."

रुखमाबाईनं मान खाली घातली. तिचा काय दोष होता? तिलाही कुणी विचारून आणली नव्हती. तिनं मला कुंकू लावलं. कुंकू नाकावर सांडलं, ते तिनंच पदरानं पुसलं.

"पोरीले ठाव नाही," ती म्हणाली. "तिची आजी तिच्यासाठी लय मोठी होती. तिले आजीचं असं काही…"

"मी सांगणार असते तर मघाशीच सांगितलं असतं," मी जरा तोडूनच बोलले. मग मला वाईट वाटलं. मी तिचा हात धरला, पीठ वाळून खरखरीत झालेला, आणि सोडला.

ओट्यावर किसनराव कुणाशी तरी कापसाच्या भावाचं बोलत होते. मी चपला घातल्या तेव्हा त्यांनी हात जोडले. "पुन्हा या मावशी." मीही हात जोडले.

वच्छला मला गुरुजींच्या घरापर्यंत पोचवायला आली. तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. पुस्तक लिहिणाऱ्या बाईला हरवलं, उद्या साऱ्या शाळेत सांगणार. दारापाशी आलो तशी ती एकदम गंभीर झाली.

"मावशी, तुमच्या पुस्तकात टाकसान का आजीची खिरापत?"

"तू मघाशी म्हणालीस ना, सगळ्यांना कळली की ती आजीची राहत नाही?"

तिनं विचार केला. "आजीचं नाव छापसान न? मंग राह्यते. नाव छापलं म्हंजे कोणी माह्यी म्हनू शकत नाही."

"बरं. सांग कशी करायची."

ती रस्त्यातच उभी राहून सांगू लागली. बिया कशा सोलायच्या, तूप किती, पाक कोणत्या घडीला उतरवायचा. मी सगळं ऐकून घेतलं. एकदाच मधे बोलले, पाक जरा मऊ असतानाच उतरव. ती म्हणाली, आजीबी तसंच म्हने. ओव्यापाशी आली तेव्हा तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि माझ्या कानाशी तोंड आणलं.

"आन ओवा. चिमूटभरच. आजीनं स्वतः हुडकून काढला थो. दुसऱ्या कोणाच्या डोक्यात आलाच नसता."

"नसता आला," मी म्हटलं.

"थेबी लिहा."

"लिहिते."

पुढच्या आवृत्तीत मी ते घातलं. मेहकरच्या माझ्या खोलीत बसून स्वच्छ अक्षरात लिहिलं, बिया, गूळ, तूप, ओवा, सगळं जिथल्या तिथं. खाली लिहिलं, ही खिरापत मोताळ्याच्या कैलासवासी झुंबरबाईंची. त्यांनी स्वतः शोधून काढली, दुसऱ्या कुणाच्या डोक्यात आली नसती. छापखान्यातून पहिली प्रत आली ती मी वच्छलाला पाठवली. दुसरी घरात ठेवायची म्हणून ठेवली. कुणाला दाखवणार?